चाळिशीनंतर पीबी (स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ) मोडायचा असेल तर

कार्लोस लोपेस यांनी १९८५ मध्ये मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत संपवली. ही माणसं अपवादात्मक, हे खरंच. पण आपल्यासारख्यांची वेळ वयापेक्षा जास्त अडते ती दोन कठीण सराव पाठोपाठ ठेवल्याने, असं माझं ठाम मत आहे.

१. कुठला पीबी, ते ठरवा

पळणं चाळिशीत सुरू केलं असेल तर मैदान मोकळंच आहे. पंचविशीतली ५ किलोमीटरची वेळ मात्र विसरा आणि चाळिशीपासून नवी वही उघडा. वयाबरोबर नुसता वेग आधी जातो, दम जास्त टिकतो. म्हणून १० किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉन निवडलेली बरी.

वेगाचा सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकार असेल तर ती टाळूच नका.

२. आठवडा मांडा

चार दिवस पळणं पुरे: एक दिवस वेगाचा, एक लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं), दोन सावकाश. वेगाचा दिवस आणि लाँग रन यांच्यामध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या. विशीत एका रात्रीत भरून निघणारा थकवा आता ४८ तास, कधी ७२ तासही घेतो.

सगळ्यात जास्त चुकतो तो सावकाश दिवस. सावकाश म्हणजे शेजारी पळणाऱ्याला अख्खी हकीकत न धापता सांगता आली पाहिजे. मागून कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या. (हे इंटरव्हलपेक्षा, म्हणजे मध्ये दम घेत मारलेल्या वेगवान तुकड्यांपेक्षा, अवघड जातं.) घड्याळातल्या हार्ट रेट झोनवर आंधळा विश्वास नको. मिनिटाला कमाल ठोके किती, ते काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र ढोबळ आहे. तुमचा खरा कमाल ठोका त्याहून दहा-बाराने वर किंवा खाली असू शकतो.

३. वेगाचा दिवस

समजा, १० किलोमीटरला तुम्हाला एक तास लागतो आणि ५८ मिनिटं हवी आहेत. म्हणजे पेस किलोमीटरला ५:४८ (५ मिनिटं ४८ सेकंद). दहा-पंधरा मिनिटं वॉर्म-अप करून ४०० मीटरचे सहा इंटरव्हल करा, प्रत्येक साधारण २ मिनिटं १४ सेकंदांत, मध्ये दीड मिनिट चाला. शेवटचा पहिल्याइतकाच आला पाहिजे. पहिला २:०० मध्ये मारून शेवटी फरपटलात तर सराव वाया गेला. काही आठवड्यांनी संख्या आठवर न्या, मग दर आठवड्याला हेच न करता एका आठवड्याआड २० मिनिटांचा टेम्पो रन (न थांबता, कठीण पण टिकवता येईल अशा वेगाने पळणं) घाला.

४. पोटऱ्या

या वयात बरेच जण अडकतात ते पोटरीत आणि टाचेमागच्या शिरेत. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर उचला, तीन मोजत खाली सोडा. पंधरा वेळा गुडघे सरळ ठेवून, पंधरा वेळा किंचित वाकवून. वाकवल्यावर खोलवरच्या स्नायूवर जास्त भार येतो. जोडीला स्क्वॉट. आठवड्यातून दोनदा, शक्यतो कठीण सरावाच्या दिवशीच, म्हणजे सोपे दिवस सोपेच राहतात.

सकाळी उठल्यावर टाच आखडलेली वाटली तर त्या दिवशी वेग रद्द. दुखण्यामुळे पाऊल वाकडं पडायला लागलं तर पळणंच बंद. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा.

५. शेवटचे दहा दिवस आणि शर्यत

एकूण किलोमीटर निम्म्यावर आणा, पण दोन-तीन छोटे वेगवान तुकडे ठेवा. नवे बूट नकोत.

शर्यतीत पहिले दोन किलोमीटर ५:५५ ने काढा, पुढचे आठ ५:४६ ने. ५८ मिनिटांचा हिशेब जुळतो. घड्याळ साधारणपणे अंतर थोडं जास्त दाखवतं, कारण वळणं आपण अगदी आतून घेत नाही. घड्याळात १०.०८ किलोमीटर भरले तर त्या ८० मीटरचे २८ सेकंद जातात. तेव्हा ऑटो लॅप (घड्याळाने स्वतःच किलोमीटर मोजून वेळ नोंदवणं) बंद करा आणि रस्त्यावरची किलोमीटरची पाटी आली की लॅपचं बटण हाताने दाबा.