नागोठण्याचा जुना पूल बघायला जाताय? आधी पंचांग उघडा

मुंबई-गोवा हायवेने कोकणात उतरणारी निम्मी जनता नागोठण्यावरून जाते आणि अंबा नदीवरचा जुना दगडी पूल न बघताच पुढे जाते. जे थांबतात ते वरून एक सेल्फी काढतात, "शिवकालीन पूल" असं कॅप्शन टाकतात आणि पालीच्या बल्लाळेश्वराला निघतात. अहो, शिवकालीन नाहीये तो. 1883 च्या कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये सरळ दिलंय की चौलच्या काझी अलाउद्दीनने साधारण 1582 मध्ये हा बांधला असं सांगतात, खर्च तीन लाख रुपये. महाराजांचा जन्म 1630 चा, म्हणजे तेव्हा पूल पन्नाशीला टेकला होता. राज्य होतं अहमदनगरच्या निजामशाहीचं आणि चौल हे मोठं बंदर, तिकडे जाणाऱ्या फौजेला अन मालाला नदी आडवी येणारच. गावात कुणी शिवकालीन म्हणालं तर वाद घालू नका, पण कॅप्शन तरी नीट टाका.

पोचणं सोपं. पनवेल-रोहा मार्गावरची गाडी किंवा एसटी, उतरून रिक्षावाल्याला "जुना दगडी पूल" म्हणायचं, बस.

गाडी असेल तर अलीकडेच लावा आणि चालत जा. हा पूल गाडी घालायच्या मापाचा नाहीच. गॅझेटिअरची मापं बघा, लांबी 480 फूट, उंची 19 फूट, आणि दोन कठड्यांमधली रुंदी फक्त 9 फूट 9 इंच, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी, आणि तीही बैलगाडीच्या जमान्यातली. दोघांनी शेजारी उभं राहून हात पसरून बघा, चार हात मावत नाहीत. वरचा भाग एवढ्यात बघून होतो, दहा मिनिटं पुरे.

आता खरी भानगड. पूल बघायचा तो खालून. वरून कठडे आणि रस्ता दिसतो, कमानी दिसतच नाहीत, आणि कमानी नाही बघितल्या तर एवढ्या लांब आलात कशाला. पण खाली जायचं म्हणजे पाणी कधी उतरतं ते कळायला हवं, कारण धरमतरच्या खाडीतून भरतीचं पाणी पार नागोठण्यापर्यंत चढतं. याच भरतीवर पूर्वी गलबतं इथवर यायची, मुंबईचे साहेब लोक महाबळेश्वरला जाताना बोटीने नागोठण्याला उतरायचे आणि पुढे खुष्कीने जायचे. "कधीही जा हो, गुडघाभर तर पाणी असतं" असं सांगणारा माणूस ओहोटीला आलेला असतो आणि त्याला ते माहीत नसतं. त्याचं ऐकू नका.

वेळ काढायची जुनी पद्धत किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळ्याला पाठ आहे. तिथीची पाऊणकी करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. शुद्ध असो वा वद्य, मोजणी एकच, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी. पण हे गणित समुद्रकाठचं आहे आणि नागोठणं खूप आत आहे! इथे सगळं उशिरा होतं, तासभर तरी जास्त धरा, आणि ओहोटीला तर भरतीपेक्षाही जास्त उशीर होतो कारण नदीचं पाणी वरून येतच असतं, त्यामुळे उतरायला वेळ लागतो आणि चढतं मात्र भराभर. मोबाईलवरची ॲप मुंबईची वगैरे वेळ दाखवतात, त्यातही हा उशीर धरावाच लागतो.

माझं मत विचाराल तर तृतीया ते पंचमी यातला दिवस धरा. किनाऱ्यावर ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहा, म्हणजे इथे सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान पाणी खाली. उजेड चांगला, ऊन अजून डोक्यावर नाही. "अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त उतरतं, तेव्हा जा" असंही कुणीतरी सांगेल. नका जाऊ. पाणी उतरतं ते भल्या पहाटे किंवा संध्याकाळी, चिखल जास्त उघडा पडतो आणि परत येणारी भरती उधाणाची असते.

चिखलाबद्दल दोन शब्द जास्तच बोलतो. वरून सुकलेला, भेगा पडलेला दिसतो, त्यावर जाऊ नका, आत लोणी असतं. काठावर दगडगोटे आहेत तेवढ्यावरूनच चाला, हातात काठी ठेवा आणि पाऊल टाकायच्या आधी टोचून बघा. घोट्याच्या वर पाय गेला की मागे फिरायचं, फोटो गेला खड्ड्यात. पाय रुतलाच तर सरळ वर उपसू नका, आणखी घट्ट बसतो. मागे रेला, टाच हळूहळू हलवा म्हणजे आत पाणी शिरतं आणि पाय सुटतो. चप्पल सोडून द्या. मधल्या कमानीखाली अजिबात जायचं नाही, काठाजवळच्या कमानीतून जे दिसतं तेच पुष्कळ आहे, दगड एकमेकांना कसे दाबून धरलेत ते मान वर करून बघा, आणि खाली खांबावरचा ओलसर काळपट पट्टाही बघा, रोजची भरती तिथवर येते.

निघायचं कधी हे घड्याळावर ठरवू नका. पाण्यावर पानं, कचरा काहीतरी तरंगत असतं, ते समुद्राकडे चाललंय तोवर ठीक. ते जागच्या जागी थांबलं की वर यायला लागा, आणि उलटं नदीत वर सरकायला लागलं तर तुम्ही ऑलरेडी काठावर असायला पाहिजे.

पावसाळ्यात हा सगळा प्रकार बंद. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की अंबेचं पाणी गावात शिरतं. महाडला सावित्रीवरचा 1928 सालचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री एसटी बसेससकट गेला, त्यामुळे "एवढी वर्षं टिकलाय, आज काय होतंय" हे मला ऐकवू नका. नोव्हेंबर ते मे, बास.

परतीच्या रेल्वेगाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून ठेवा. काझीचं चौल बघायचं मनात आलं तर रोह्यावरून रेवदंड्याकडे रस्ता जातो, पण त्याच दिवशी घुसवू नका, चौलला आख्खा दिवस लागतो.