जुने दस्त फोनवरून डेजाव्ह्यूत उतरवताना या चुका टाळा

कोकणात कागद टिकत नाही. खारी हवा, चार महिने पाऊस, वर कसर आणि वाळवी. खोतीच्या वेळचे दस्त, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या दर पावसाळ्यात थोड्या थोड्या संपत जातात. त्यामुळे फोनने फोटो काढून ठेवायलाच हवेत. पण दोनशे पानांचे फोटो सहज पाऊण जीबी भरतात. डेजाव्ह्यू हा फाइलचा प्रकार 1990च्या दशकात एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत नेमका अशा पानांसाठी तयार झाला. तो शाई आणि कागद वेगवेगळ्या थरांत साठवतो. अक्षरं बारकाईने ठेवतो, मागचा पिवळा कागद ढोबळमानाने. फाइल खूप लहान होते, मात्र चूक झाली तर मजकूरच बदलतो.

आकडे बदलणं: सगळ्यात मोठा धोका

काळ्या-पांढऱ्या पानासाठी डेजाव्ह्यू जेबी2 ही पद्धत वापरतो. पानावर सारखे दिसणारे आकार शोधायचे, एकदाच साठवायचे आणि जिथे जिथे ते येतात तिथे तोच आकार ठेवायचा. 'लॉसी' (थोडा तपशील गाळून साठवण्याचा) पर्याय लावला की 'जवळपास सारखे' आकारही एकच धरले जातात. 2013 साली झेरॉक्सच्या यंत्रांनी स्कॅन करताना 6 चा 8 केल्याचं जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांनी दाखवून दिलं, त्यामागे हीच कल्पना होती.

आपल्या लिपीत हा धोका नको तिथे येऊन बसतो. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच आकार होतो. मोडीत तर रेघ आधी ओढून खाली अक्षरं लिहीत, म्हणजे जवळजवळ सगळी ओळच एक आकार. असे आकार पुन्हा जुळत नाहीत, त्यामुळे जागाही फारशी वाचत नाही. सुटे राहतात ते आकडे आणि अनुस्वार, आणि अदलाबदल होते ती त्यांचीच. जमिनीच्या कागदावर १ चा ९ झाला तर त्या प्रतीचा उपयोग काय? डेजाव्ह्यूलिब्र या मोफत साधनसंचातलं सीजेबी2 काळ्या-पांढऱ्या पानाची डेजाव्ह्यू फाइल करतं आणि मुळात काही न गाळता साठवतं. ते तसंच चालू द्या, 'लॉसी' लावू नका.

'क्लीन' किंवा 'डाग काढा' या पर्यायांचंही तेच. बुरशीच्या ठिपक्यांबरोबर अनुस्वार जातो आणि 'खंत'चं 'खत' होतं. पानांचे फोटो साफ करणाऱ्या स्कॅन टेलर या प्रोग्रॅममध्ये डाग काढणं बंद ठेवा. पान थोडं मळकट दिसलं तरी चालेल.

फोटोतच गडबड असेल तर

किनाऱ्यावर फोनच्या लेन्सवर ओलसर, खारट थर बसतो आणि अक्षरांभोवती धुरकट वलय येतं. आधी सुती कापडाने लेन्स पुसा. फ्लॅश नको. पडवीत, ऊन थेट येणार नाही अशा उजेडात पान सपाट ठेवून फोन अगदी वरून धरा. एका बाजूला सावली पडली, तर काळं-पांढरं करताना तो कोपरा काळा होतो आणि मग काही करता येत नाही. पावसाळ्यात चिकटलेली पानं उलगडायला जाऊ नका, दिवाळीनंतरची कोरडी हवा येऊ दे.

पानाने चौकट भरली पाहिजे. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत ए4 पान पूर्ण बसलं तर इंचाला सुमारे साडेतीनशे बिंदू मिळतात, अर्ध्याच रुंदीत बसलं तर 180. तेवढ्यात मोडीचे बारीक फाटे उरत नाहीत.

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवलात तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच मागवा. साध्या फोटोत तो आकार कमी करतो आणि अक्षरांच्या कडा फुटतात.

पान साडेतीन फुटी दिसतंय?

फोटोच्या माहितीत अनेकदा 72 डीपीआय (इंचाला 72 बिंदू) लिहिलेलं असतं. 3000 बिंदूंची रुंदी 72 ने भागली की जवळजवळ 42 इंच. रूपांतर करताना 300 द्या. पान आडवं झालं, तर फोन दिशा फक्त नोंदवून ठेवतो आणि काही साधनं ती नोंद वाचत नाहीत. आधी फोटो खरोखर फिरवून सेव्ह करा. आयफोनचे एचईआयसी फोटो आधी जेपेगमध्ये करून घ्या.

रंगीत शिक्का किंवा स्टॅम्प असलेलं पान काळं-पांढरं करू नका, ते डेजाव्ह्यूलिब्रमधल्याच सी44 ने रंगीत ठेवा. नंतर सगळी पानं त्यातल्याच डीजेव्हीएमने एका फाइलमध्ये जोडता येतात.

विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात डेजाव्ह्यू चालतो, पण ब्राउझरमध्ये तो थेट उघडत नाही. तलाठी किंवा वकिलांना देताना पीडीएफ द्या. आणि मूळ फोटो पुसायच्या आधी आकड्यांचं प्रत्येक पान कागदाशी ताडून पाहा. शक्यतो दोघांनी, एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने पाहावं.