उकिडवं बसताना टाचा उचलल्या जातात? मग हे करून बघा

उकिडवं बसलं की टाचा सुटतात नाहीतर तोल मागे जातो, आणि बरेच जण लगेच गुडघ्याला दोष देतात, पण पुष्कळदा अडतं ते घोट्याशी, पोटरी आणि अ‍ॅकिलीस टेंडनमध्ये, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीत. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडतं ते), लिगामेंट (हाडाला हाडाशी जोडतं ते), स्नायूभोवतीचं आवरण हे सगळं कनेक्टिव्ह टिश्यू, म्हणजे शरीराचे भाग जोडून धरणारी ऊती, मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या चिवट धाग्यांची. त्याला झटक्यात ताणलं की ते जास्त कडक वागतं आणि सावकाश ताणून धरलं की हळूहळू सैलावतं, म्हणून उसळ्या मारत स्ट्रेचिंग अजिबात नको.

आधी पाच मिनिटं भरभर चाला, अंग गरम होऊ द्या. मग भिंतीला हात लावून एक पाय मागे, पाऊल सरळ, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा ताठ, ३० सेकंद थांबा. आता टाच न उचलता तोच गुडघा वाकवा, परत ३० सेकंद. हे दुसरं बहुतेक लोक करतच नाहीत! पोटरीतला वरचा स्नायू मांडीच्या हाडापासून निघतो, म्हणून गुडघा ताठ असताना तो ताणला जातो, पण त्याच्या खालचा सोलियस नावाचा स्नायू गुडघ्याच्या खालून सुरू होतो, आणि उकिडवं बसताना गुडघा वाकलेलाच असतो ना, मग तिथे अडवतो तो सोलियस. दोन्ही पायांना दोन-दोन वेळा करा.

नुसतं ताणून भागत नाही, टेंडनला वजनही पेलायला लागतं. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, कठड्याला धरून टाचा वर घ्या आणि अगदी सावकाश पायरीच्या खाली सोडा, दहा वेळा, एक दिवसाआड. शेवटी खिडकीचे गज धरून, टाचांखाली टॉवेलची घडी ठेवून उकिडवं बसा आणि जमेल तशी घडी पातळ करत जा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जो फरक पडतो तो बराचसा मेंदूला ताण सहन व्हायला लागल्यामुळे असतो, कोलॅजन बदलायला महिने लागतात, तेव्हा मध्येच सोडू नका प्लीज.

घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचत असेल तर अडचण सांध्यात असू शकते, फिजिओला दाखवा. डायबेटिस असेल तर साखरेमुळे कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडतात, त्यांना वेळ जास्त लागतो, आणि पाय बधिर असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांचे सांधे मुळातच जास्त वाकतात त्यांनी ताणण्यापेक्षा ताकद वाढवावी.