हात ओढू नका, कोपर द्या! अंध मुलांना फिरायला शिकवताना या चुका टाळा

अंध किंवा कमी दिसणारं मूल घरातल्यांबरोबर चालताना दिसलं की मी आधी एकच बघते, कोण कुणाला धरतंय. बहुतेक वेळा आईने नाहीतर आजीने मनगट घट्ट पकडलेलं असतं आणि पोरगं मागून फरफटत येतंय. काळजीच असते हो त्यामागे, पण मनगट धरलं की मुलाला फक्त खेच कळते, पुढे पायरी आहे की खड्डा की कुणाची स्कूटर, यातलं काहीच कळत नाही. तर उलटं करा. मुलाने तुमचा हात कोपराच्या वर धरायचा (उंची पुरत नसेल तर तुमचं मनगट) आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. तुम्ही वळलात, थांबलात, चढलात, सगळं त्याला हातातून समजतं, आणि नको वाटलं तर सोडताही येतं. मनगट तुमच्या मुठीत असेल तर सोडणार कसं?

पायऱ्यांपाशी अगदी क्षणभर थांबा, "वर" किंवा "खाली" एवढंच सांगा. पायऱ्या मोजून पाठ करून घ्यायची सवय नका लावू. एक मोजणी चुकली की मूल शेवटच्या पायरीवर भांबावतं, त्यापेक्षा कठड्याला हात आणि पायाने कड चाचपणं जास्त भरवशाचं.

अगदी तान्ह्या बाळापासून सुरू करू. "आमचं बाळ रांगतच नाही, पालथं ठेवलं की रडतं" असं खूप आया सांगतात. दिसणारं बाळ समोरचं खेळणं बघून मान उचलतं, पुढे सरकतं. न दिसणाऱ्या बाळाला पुढे जायला कारणच नसतं, आणि आवाज ऐकून त्या दिशेला हात न्यायला साधारण पहिला वाढदिवस उजाडतो, त्यामुळे लांबून खुळखुळा वाजवून उपयोग नाही. आधी तो हाताला लावा, मग थोडासा सरकवा, मग अजून थोडा. पालथं झोपवायचं तर तुमच्या छातीवर झोपवा आणि बोलत रहा. आणि वॉकरमध्ये बसवू नका, त्यात तोल सांभाळायचं शिक्षण होत नाही आणि हाताला भिंत, जमीन काही लागत नाही.

घरातल्या चुका म्हणाल तर दार. अर्धं उघडं दार, दुसरं काही नाही. हाताला दोन्ही बाजूंनी चुकतं आणि कड थेट कपाळावर! दार पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, खुर्ची टेबलाच्या आत, आणि घर झाडताना किंवा पाहुण्यांनी हलवलेला स्टूल परत जागच्या जागी. पण म्हणून घर कापसात गुंडाळू नका, थोडं गुडघे फुटणं सगळ्याच पोरांच्या वाट्याला येतं. भिंतीला बोटांची मागची बाजू लावून चालायला शिकवा (बोटांची टोकं पुढे ठेवली तर खिळ्यात, फटीत अडकतात), दुसरा हात कपाळासमोर आडवा. घरात अनवाणी फिरू द्या, फरशी कुठे संपली आणि मोरीचा ओलसर दगड कुठे लागला हे तळपाय सांगतात.

अजून एक, याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. दिवसभर टीव्ही चालू! हे मूल कानाने घर ओळखतं, फ्रीजची घरघर स्वयंपाकघरात, रस्त्याचा आवाज खिडकीतून, कोपऱ्यात आपलाच आवाज वेगळा येतो. टीव्हीने हे सगळं झाकलं जातं. जरा बंद ठेवा.

बोलण्यात "इकडे ये", "तिथे ठेवलंय" असे शब्द वापरू नका, त्याला इकडे कुठे ते काय दिसणार. "तुझ्या उजव्या हाताला, गुडघ्याजवळ, प्लास्टिकच्या डब्यात" असं सांगा. "तुझ्या" हा शब्द महत्त्वाचा, कारण समोर उभं राहून तुम्ही तुमचं उजवं सांगितलंत तर ते त्याचं डावं होतं.

जेवणाचं सांगायचं तर आपल्याकडे काम आधीच झालंय. ताट वाढायची आपली जी रीत आहे ना, वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी नि आमटीची वाटी, ती रोज पाळा. मुलाला ताटाचा नकाशा आपोआप कळतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला भरवत राहणं ही मात्र सरळ चूक, सांडेल तर सांडू दे, पुसायला फडकं त्याच्याच हातात द्या. कमी दिसणाऱ्या मुलाला पांढऱ्या प्लेटमध्ये पांढरा भात देऊ नका, गडद रंगाची प्लेट घ्या.

कमी दिसणाऱ्यांचं दुखणं अजून वेगळं. "दुपारी तर बॉल पकडतो, संध्याकाळी मुद्दाम धडपडतो" असं म्हणून मुलं ओरडा खातात. रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारात अंधारात जवळजवळ काही दिसत नाही आणि बाजूचं दिसणं कमी होत जातं, म्हणजे समोरचा बॉल दिसतो पण पायाजवळची बादली नाही. आल्बिनिझम (त्वचा, केस, डोळ्यांत रंगद्रव्य कमी) असलेल्या मुलाला उलट भर उन्हातच त्रास, त्याला टोपी आणि गडद चष्मा लागतो. नाटक वगैरे काही नाही हे. जिन्यातल्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी टेप लावून टाका, खर्च किरकोळ आहे.

आता पांढरी काठी. इथे घरच्यांचा चेहरा पडतो, कारण काठी हातात आली की सगळ्यांना कळणार. म्हणून बऱ्याच घरांत ती दप्तरात घडी होऊन पडलेली असते. काही लोक अजूनही म्हणतात दहा-बारा वर्षांचा झाला की बघू. हे जुनं आहे. लांब काठीचं तंत्र १९४४ च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी बसवलं, ते मोठ्या माणसांचंच होतं, त्यामुळे मुलांपर्यंत यायला काळ गेला. आता चालायला लागलेल्या मुलालाही काठी देतात. सुरुवातीला ती हवेत फिरवेल, आपटेल, फिरवू दे, फक्त माणसांना मारायची नाही एवढा नियम.

काठी साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत उंच हवी, थोडी जास्त चालेल, आणि पोर वाढतंय म्हणून दर सहा महिन्यांनी मापून बघा, तोकडी पडली की पाठ वाकवून चालायला लागतं. सारखी अडकत असेल तर बहुतेक मूठ फार आवळलेली असते किंवा टोक जमिनीत दाबलं जातंय. काठी खांद्यांपेक्षा किंचित रुंद फिरवायची, डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे. हे जमायला वेळ लागतो, लहानांना टोक जमिनीवरून घासत नेणं सोपं जातं.

पण काठीला कमरेच्या वरचं कळत नाही, हे विसरू नका. कपडे वाळत घातलेली दोरी, टेम्पोचा उघडा फाळका, खालच्या मजल्याच्या एसीचा बाहेर आलेला डबा. आयआयटी दिल्लीचं स्मार्टकेन नावाचं छोटं उपकरण काठीला बसवलं की ते अशा वरच्या अडथळ्यांना थरथरून इशारा देतं, पण ती जोड आहे, काठी नीट वापरता आल्यानंतरची.

"रोजच्या रस्त्याने मस्त जातो, नव्या जागी मात्र गोठतो." याचं कारण बहुतेक हे की रस्ता पाठ करून घेतलाय, खुणा शिकवलेल्याच नाहीत. खुणांतही कायमची कोणती आणि येणारी-जाणारी कोणती हे सांगावं लागतं. पिठाच्या गिरणीचा आवाज छान खूण आहे पण लाईट गेली की गिरणी गप्प. गटारावरची लोखंडी जाळी, दुकानाचा उंच ओटा, रस्त्याचा उतार, यांच्यावर भरवसा ठेवता येतो. पावसात पत्र्यावरचा आवाज सगळं गिळतो आणि रेनकोटच्या टोपीने कान झाकतात, तेव्हा छत्री बरी. गणपतीत मांडव पडला की फुटपाथ बंद आणि वर ढोलताशा, अशा वेळी मांडव उभा राहिल्या राहिल्या मुलाला घेऊन एकदा तो रस्ता चालून या, कुठून वळसा घ्यायचा ते आधीच ठरतं. रस्ता एकट्याने ओलांडणं मात्र स्पेशल एज्युकेटर (दिव्यांग मुलांचे खास शिक्षक) किंवा मोबिलिटी ट्रेनर (अंधांना फिरायला शिकवणारे) शिकवेपर्यंत नको, बॅटरीवरच्या स्कूटी तर ऐकूच येत नाहीत.

पैसे ओळखायला शिकवणं घरचे उगाच लांबवतात. नवीन सिरीजच्या नोटा लांबीने वेगळ्या आहेत, शंभरची १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०, आणि कडांना उठावदार रेघा, शंभरला चार, दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन गोल, पाचशेला पाच. जुनी नोट मऊ पडली की रेघा लागत नाहीत, मग रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप नोट ओळखून सांगतं. किराणावाल्याकडे अर्धा लिटर दूध आणायला पाठवा आणि सुटे पैसे त्यालाच मोजू द्या, तुम्ही मागे उभे राहून "अगं बाई, ती दहाची आहे" असं ओरडू नका.

शाळा म्हणते मुलाजवळ दिवसभर घरचं कुणीतरी बसवा तरच घेऊ? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या स्पेशल शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे शांतपणे लेखी द्या. पहिल्याच आठवड्यात शाळा रिकामी असताना मुलाला वर्ग, बाथरूम, पाण्याचा नळ हाताने दाखवून आणा.

आणि एक वाक्य घोकवून घ्या मुलाकडून, कारण स्टँडवर कुणीतरी काका न विचारता हात धरून भलत्याच गाडीकडे नेतातच: "काका, हात धरू नका, मीच तुमचा कोपर धरतो, आणि मला कुठली एसटी हवी ते आधी विचारा."