माक्याचं तेल घरी करताना

पाऊस सुरू झाला की विहिरीपाशी, भाताच्या बांधावर माका उगवतोच, बारीक पांढरी बटणासारखी फुलं येतात त्याला. खात्री करायची तर पान चोळून बघा, थोड्या वेळात बोटं काळपट होतात, तोच माका. गटाराकाठचा किंवा फवारणी झालेल्या शेतातला मात्र अजिबात घेऊ नका.

स्वच्छ धुवून पाट्यावर किंवा मिक्सरला वाटायचा, रस गाळून घ्यायचा, 1 वाटी रसाला 1 वाटी खोबरेल आणि अगदी मंद गॅसवर ठेवायचं, घाई केली की तेल करपतं आणि सगळी मेहनत वाया. तडतड थांबली की कापसाची वात तेलात बुडवून पेटवून बघा, तडतडली तर पाणी अजून आहे, आणि पाणी राहिलेलं तेल खराब होतं म्हणून ही टेस्ट चुकवू नकाच! गार झाल्यावर गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 1 दिवस थांबा, खाज आली तर वापरू नका. कोरड्या केसांना आणि भेगाळलेल्या टाचांना मस्त चालतं, टकलावर केस उगवतील असं मात्र मी सांगणार नाही.