एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) लॅबमध्ये नवीन लागताय? आधी तिथी बघा

मुंबईत खाडीकाठच्या एका प्लांटवर केमिस्ट म्हणून लागले त्याचा अनुभव लिहितेय. बीओडी-सीओडी (पाण्यातली घाण खायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन तो बीओडी, रसायनाने जाळायला लागणारा तो सीओडी) काय ते तुम्हाला येतच असणार, आपल्याकडे बीओडी 27 डिग्रीला 3 दिवसांचा करतात हेही माहीत असेल, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

मला रडवलं ते क्लोराइडने. इनलेटचा, म्हणजे प्लांटमध्ये शिरणाऱ्या मैल्याचा, सीओडी एका दिवशी लिटरला 400 मिग्रॅ, दुसऱ्या दिवशी डायरेक्ट 800, आणि बीओडी मात्र होता तिथेच. सगळ्यांचं एकच, नवीन पोरगी आहे, हात बसला नाही अजून. एफएएस (सीओडीच्या टायट्रेशनचं द्रावण) तीन-तीनदा स्टँडर्डाइझ केलं, काचसामान बदललं, घरी जाऊन रडले पण. त्यात माझा आकडा बघून ऑपरेटरने टाकीत हवा सोडणारे ब्लोअर वाढवले, म्हणजे नसलेल्या लोडसाठी वीज जाळली.

झालं होतं असं की आपल्या जुन्या गटारांचे सांधे गळके, भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं. सीओडी टेस्टमधलं डायक्रोमेट हे रसायन मैला आणि मीठ यात फरक करत नाही, मिठातल्या क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करतं. 1 मिग्रॅ क्लोराइड म्हणजे साधारण 0.23 मिग्रॅ खोटा सीओडी. समुद्राच्या पाण्यात लिटरला 19,000 मिग्रॅच्या आसपास क्लोराइड असतं, म्हणजे सॅम्पलमध्ये दहावा हिस्सा जरी समुद्र आला तरी 430 चा सीओडी फुकटात वाढला! म्हणून क्लोराइडला धरून ठेवणारं मर्क्युरिक सल्फेट (पाऱ्याचं संयुग) टाकायचं, क्लोराइडच्या वजनाच्या दहापट. 20 मिली सॅम्पलला 0.4 ग्रॅम टाकलं तर लिटरला 2000 मिग्रॅपर्यंतच क्लोराइड धरलं जातं, त्यावर असेल तर आधी डायल्यूट करा. आणि क्लोराइड आधी मोजा, निदान कंडक्टिव्हिटी मीटर तरी बुडवा, अंदाजाने नको.

आमच्याकडे 'महाग आहे, चिमूटभर पुरे' असं शिकवलेलं. शिकवणारे इनलेटपर्यंत कधी चालत गेले नाहीत. अशा सीनियरचं फार मनावर घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी आकडा जमेना तेव्हा 'सरासरी काढून टाक' म्हणाले. ते अजिबात करू नका, खोटा आकडा एकदा लिहिला की पुढचा पण लिहावा लागतो.

हो, आणि पाऱ्याचा तो वेस्ट सिंकमध्ये ओतू नका, वेगळा साठवा. समुद्र वाचवायला बसलोय ना आपण?

मला सोडवलं सॅम्पल आणणाऱ्या मामांनी. कोळीवाड्यातले, शाळा सातवीपर्यंत. माझे 800 वाले दिवस बघून म्हणाले, "मॅडम, ह्या सगळ्या अमावस्या-पुनवा हायत. उधाण असतं तवा." भरतीची वेळ काढायचा हिशोब पण त्यांनीच शिकवला, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. कधी अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो पण सॅम्पलिंगला पुरे.

घाबरू नका, हे दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. आणि कामाची कमी नाही, वरळी, बांद्रा, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप असे सात नवीन प्लांट मिळून 2464 एमएलडीचं (रोज इतके दशलक्ष लिटर) काम मुंबईत काढलंय, तिथे माणसं लागणारच.

माझ्या लॉगबुकात सॅम्पलच्या वेळेशेजारी अजून तिथीचा रकाना आहे. ऑडिटला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं, हे काय, उपवासाचं का?