बाईक चोरीला जाऊ नये म्हणून आणि गेलीच तर काय करायचं, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांसाठी

मागच्या वर्षी आमच्या मोठ्या भाऊची स्प्लेंडर तालुक्याच्या आठवडे बाजारातून गेली, भरताची वांगी आणि मेथी घ्यायला वीस मिनिटं लागली असतील तेवढ्यातच. त्यानंतर धावपळ करून जे शिकलो ते लिहून ठेवतोय, कोणाच्या तरी कामी येईल.

आधी चोर कोण ते समजून घ्या, उपाय त्यावरच ठरतो. एक म्हणजे आसपासची पोरं, मौजेसाठी नाहीतर नशेच्या पैशासाठी उचलतात, पेट्रोल संपलं की नाल्याकाठी टाकून देतात. म्हणून गेल्या गेल्या शिवरस्ते, केळीचे बाग, स्टँडजवळच्या जागा स्वतः फिरून बघाच. दुसरे, ज्यांना गळ्यातली चेन ओढायला किंवा घरफोडीला दुसऱ्याची गाडी लागते. आणि तिसरे धंदेवाले, हे खरे डोकेदुखीचे, एक उचलतो, दुसरा नंबर प्लेट बदलतो, तिसरा लांबच्या गावात गिऱ्हाईक शोधतो. एलसीबीवाले (जिल्हा पोलिसांची स्थानिक गुन्हे शाखा) एकाला पकडतात आणि त्याच्याकडून एकदम आठ-दहा गाड्या निघतात त्या यामुळे. त्यात आपला भाग पडला सीमेवर, रावेरवरून बऱ्हाणपूर, शिरपूरवरून सेंधवा, नवापूरवरून गुजरात, तक्रार लिहून होईपर्यंत गाडी दुसऱ्या राज्यात गेलेली असते. आणि उचलतात पण गल्लीत दहा दिसतात तसलीच गाडी, कोणाचं लक्ष जात नाही आणि पार्ट कुठेही खपतात.

हँडल लॉकच्या भरवशावर राहू नका भो, पायाचा एक जोरात झटका दिला की ते तुटतं, मग वायर डायरेक्ट करायला कितीसा वेळ. जुन्या गाडीत तर झिजलेली दुसरी किल्लीही चालून जाते. डिस्क लॉक लावा, नाहीतर चाकातून जाड साखळी काढून खांबाला बांधा, आणि ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडून सीटखाली छुपा कट-ऑफ स्विच बसवून घ्या. माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात कामाची गोष्ट हीच, गाडी सुरूच होत नाही म्हटल्यावर चोर तिथे जास्त वेळ थांबत नाही. शेतात गाडी रस्त्याकडच्या बांधावर उभी करून आत विहिरीकडे जायची सवय आहे ना आपली, ती सोडा, गाडी नजरेसमोर आत घ्या. लग्नाचे लॉन, दवाखाने, यात्रा इथे पैसे देऊन पार्किंगमध्येच लावा.

आणि तरी गेलीच तर आधी ११२ ला फोन, मग ठाणं. आम्हाला एका ठाण्यात सांगितलं दोन दिवस शोधा मग या, आणि आम्ही ऐकलं, ही आमची चूक. थांबू नका, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, हद्द कोणाची का असेना, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो, ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. कलम ३०३(२), म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं चोरीचं कलम, लागलं का, इंजिन आणि चेसिस नंबर बरोबर आले का ते वाचून बघा, कॉपी फुकट मिळते.

त्याच दिवशी इन्शुरन्सवाल्यांना कळवा, हप्ते चालू असतील तर फायनान्सवाल्यांनाही. नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक रुपयाही मिळत नाही, गाडी नवीन आहे तोवर तरी फुल इन्शुरन्स ठेवा. क्लेमला दोन्ही ओरिजिनल किल्ल्या मागतात, स्पेअर किल्ली घरात कुठे आहे ते आजच बघा. शोध लागला नाही की पोलिसांकडून ‘अ’ समरी होते, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, तो कागद लागतो. एफआयआर वेळेत केला पण कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, कोणी अडवलं तर हे सांगा.

गाडी सापडली तर ठाण्याच्या आवारात गंजू देऊ नका. वकिलामार्फत कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, सोडवता येते, फोटो-पंचनामा करून गाड्या लवकर सोडा असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगून ठेवलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी. "फायनान्सची ओढलेली (हप्ते थकले म्हणून उचललेली) आहे, कागद नंतर देतो" असं कोणी म्हटलं की तिथूनच मागे फिरा. आरसी हातात घेऊन चेसिसचे १७ आकडे-अक्षरं स्वतः जुळवा, हँडलखाली बोट फिरवून बघा, घासलेलं लगेच खरखरीत लागतं. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीची माहिती आरसीशी जुळते का बघा. चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतली तर घेणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्याच न्याय संहितेचं कलम ३१७.

भाऊची गाडी सात महिन्यांनी सापडली. एका मजुराने ती बारा हजाराला घेतलेली, बायकोच्या पाटल्या मोडून. प्लेट दुसरी होती, पण चेसिस नंबर आमचा. पंचनाम्याच्या वेळी तो ठाण्याच्या पायरीवर बसलेला होता, विकणाऱ्याचा फोन बंद, आणि भाऊला त्याच्याशी काय बोलावं तेच सुचेना.